उधारीच्या सट्ट्यात शिस्त कोणी पाळायची?

१० ऑक्टोबर २०२५ रोजी अमेरिकेचे अध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांनी चीनच्या मालावर आणखी शंभर टक्के आयातशुल्क लावण्याची घोषणा केली. भारतात तेव्हा ११ तारखेच्या पहाटेचे सव्वादोन-अडीच वाजले होते. शुक्रवारची संध्याकाळ असल्याने अमेरिकेतला शेअर बाजार बंद झाला होता. पण क्रिप्टोचा बाजार कधीच बंद होत नाही. त्याला रविवार नाही, सण नाही, रात्र नाही. त्या दिवशी एक लाख बावीस हजार डॉलरच्या आसपास असलेला बिटकॉइन काही तासांत एक लाख पाच हजारांच्या खाली घसरला. छोट्या नाण्यांची अवस्था तर याहून भयंकर झाली. काही नाणी मिनिटांमध्ये निम्म्याहून अधिक कोसळली. चोवीस तासांत १९ अब्ज डॉलरहून अधिक किमतीचे उधारीवरचे सौदे सक्तीने बंद केले गेले. सोळा लाखांहून अधिक खात्यांवर ही कुऱ्हाड चालली. क्रिप्टोच्या इतिहासात एका दिवसात इतकी मोठी कत्तल पूर्वी झाली नव्हती.

दुसऱ्या दिवशी जगभरच्या क्रिप्टो गुरूंनी एकच सूर लावला. "ज्यांचे पैसे बुडाले त्यांच्यात शिस्त नव्हती. त्यांना जोखीम सांभाळता आली नाही. त्यांच्यात लोभ होता."

हा सूर आपल्या ओळखीचा आहे. गरीब माणूस गरीब का? तर तो आळशी आहे म्हणून. शेतकरी कर्जबाजारी का? तर त्याने लग्नात खर्च केला म्हणून. बुडणाऱ्याच्या चारित्र्यात दोष शोधला की, बुडवणाऱ्या व्यवस्थेकडे बोट दाखवावे लागत नाही. म्हणून या "शिस्त" नावाच्या शब्दाची नीट तपासणी केली पाहिजे. कारण आज आपल्या वस्त्यांमधली शिकलेली, बेरोजगार, हातात मोबाईल असलेली मुले याच शब्दाच्या भरवशावर या बाजारात उतरत आहेत. कोणाच्या खिशात स्कॉलरशिपचे पैसे आहेत, कोणाच्या खिशात बापाच्या ग्रॅच्युइटीचे.

आधी हा धंदा काय आहे, ते समजून घेऊ. क्रिप्टोमध्ये दोन प्रकारचे व्यवहार होतात. पहिल्यात तुम्ही पैसे देऊन नाणे विकत घेता. भाव निम्मा झाला तर तुमचे निम्मे पैसे गेले, पण नाणे तुमच्याकडे राहते. दुसरा प्रकार वायद्याचा. त्यात तुम्ही नाणे विकत घेत नाही. थोडी अनामत रक्कम ठेवता आणि तिच्या दहापट, पन्नासपट, शंभरपट रकमेचा सौदा करता. यालाच लिव्हरेज म्हणतात, आणि अनामत रकमेला मार्जिन. भाव वाढेल असे वाटले तर तेजीचा सौदा, पडेल असे वाटले तर मंदीचा. बिटमेक्स नावाच्या कंपनीने २०१६ साली असा वायदा काढला की, ज्याला मुदतच नाही आणि ज्यात शंभरपट सौदा करता येतो. पुढे सगळ्या बाजाराने तोच नमुना उचलला.

आता हिशोब मांडू. समजा, एका मुलाकडे दहा हजार रुपये आहेत. त्याने पन्नासपट लिव्हरेज घेतले. म्हणजे सौदा झाला पाच लाखांचा. भाव दोन टक्के त्याच्या बाजूने गेला तर दहा हजारांचे वीस हजार झाले. जाहिरातीत हीच बाजू दाखवतात. भाव दोन टक्के विरोधात गेला तर दहा हजार शून्य झाले. प्रत्यक्षात दोन टक्क्यांपर्यंतही थांबत नाहीत. अनामत रक्कम ठरावीक पातळीखाली आली की यंत्रच सौदा बंद करून टाकते. यालाच लिक्विडेशन म्हणतात. त्यानंतर भाव पुन्हा वर गेला तरी त्या मुलाचा त्याच्याशी काही संबंध उरत नाही. आणि बिटकॉइनचा भाव दोन टक्के हलायला काय लागते? एखादा सामान्य दिवस पुरतो. कधी एक तासही पुरतो.

यात दलालीची गंमत वेगळीच आहे. दलाली तुमच्या दहा हजारांवर लागत नाही. ती पाच लाखांच्या सौद्यावर लागते. दर शेकडा पाच पैसे धरला तर सौदा करताना अडीचशे आणि मोडताना अडीचशे, असे पाचशे रुपये झाले. त्यावर जीएसटी वेगळा. म्हणजे भाव जागचा हलला नाही तरी तुमच्या भांडवलातले पाच टक्क्यांहून अधिक पैसे गेले. असे वीस सौदे केले की सगळे भांडवल दलालीतच संपले. शिवाय दर काही तासांनी "फंडिंग" नावाची रक्कम तेजीवाल्यांकडून मंदीवाल्यांकडे किंवा उलट जाते. तीसुद्धा पूर्ण सौद्यावर. बाजारात तेजी असली की ती बहुधा तेजीवाल्यांनाच भरावी लागते, आणि नवखे लोक तेजीच्याच बाजूला असतात. सौदा पाच दिवस उघडा ठेवला तर भाव न पडताही अनामत झिजत जाते.

मग शिस्त कशाला म्हणायचे? गुरू सांगतात, मन शांत ठेवा, लोभ करू नका, भीतीला बळी पडू नका. हे ऐकायला बरे वाटते. पण शिस्त ही मनाच्या ताकदीची गोष्ट नाही. डोळ्यांसमोर पैसे कमी होत असताना कोणाचेच मन शांत राहत नाही. खरी शिस्त म्हणजे सौदा करण्याआधी कागदावर मांडलेला हिशोब. हा हिशोब जुने, मुरलेले व्यापारी असा करतात. एका सौद्यात भांडवलाच्या एक टक्क्यापेक्षा जास्त गमवायचे नाही. कारण सरळ आहे. ओळीने दहा सौदे चुकले तरी, एक टक्का नियम पाळणाऱ्याचे साधारण साडेनऊ टक्के जातात. तो उभा राहू शकतो. प्रत्येक सौद्यात वीस टक्के लावणाऱ्याचे त्याच दहा सौद्यांत जवळजवळ नव्वद टक्के जातात. आणि पन्नास टक्के गेल्यावर मूळ जागी येण्यासाठी शंभर टक्के कमवावे लागतात. नव्वद टक्के गेल्यावर नऊशे टक्के. खड्डा जितका खोल, तितकी चढण उभी.

हा नियम लावून पाहा. भांडवल पन्नास हजार. एक टक्का म्हणजे पाचशे रुपये. बिटकॉइनचा चढउतार पाहता, सौदा पाच टक्के विरोधात गेला तर बाहेर पडायचे असे ठरवले. म्हणजे सौदा किती रुपयांचा हवा? पाच टक्के म्हणजे पाचशे रुपये झाले पाहिजेत. सौदा दहा हजारांचा. तुमच्याकडे तर पन्नास हजार आहेत! मग लिव्हरेज कशाला हवे? कोणी म्हणेल, मी पाच टक्क्यांवर नाही, अर्ध्या टक्क्यावर बाहेर पडेन. तरीही सौदा एक लाखाचा होतो, म्हणजे फक्त दुप्पट. आणि अर्धा टक्का तर भाव चहा पिऊन होईपर्यंत हलतो. तो माणूस दिवसभर बाहेरच पडत राहील आणि दलाली भरत राहील.

या साध्या गणितातून जे निघते, ते कोणताही गुरू सांगत नाही. जोखमीचा नियम प्रामाणिकपणे पाळला तर पन्नासपट, शंभरपट लिव्हरेजला जागाच उरत नाही. "शंभरपट सौदा करा, पण शिस्तीने करा" हे म्हणजे "विष प्या, पण बेताने प्या" असे सांगण्यासारखे आहे. शिस्त आणि शंभरपट एका घरात नांदत नाहीत. दोन्ही एकत्र विकणारा माणूस तुमचे अज्ञान विकत घेत असतो.

आता दुसरी बाजू. समजा, एखाद्याने सगळे नियम पाळले. तो वाचतो का? १० ऑक्टोबरच्या रात्रीने याचे उत्तर दिले आहे. नुकसान ठरावीक रकमेवर थांबावे म्हणून व्यापारी "स्टॉप लॉस" लावतात. पण स्टॉप लॉस म्हणजे हमी नव्हे. ती नुसती सूचना असते. त्या भावाला घेणारा कोणी असेल तर ती अमलात येते. सगळेच विकायला निघाले आणि घेणारा गायब झाला, तर सूचना एका भावाची आणि विक्री भलत्याच भावाने होते. त्या रात्री अनेक नाण्यांत असेच झाले. याहून विपरीत प्रकार जिंकणाऱ्यांच्या वाट्याला आला. हरणाऱ्यांच्या अनामत रकमा आणि एक्सचेंजचा राखीव निधी अपुरा पडतो, तेव्हा एक्सचेंज फायद्यात असलेल्या लोकांचे सौदे सक्तीने कापते. हा नियम करारातल्या बारीक अक्षरांत लिहिलेला असतो. त्यामुळे ज्यांनी जोखीम सांभाळण्यासाठी एका नाण्यात तेजी आणि दुसऱ्यात मंदी असा तोल साधला होता, त्यांची मंदीची बाजू कापली गेली आणि पडणारी तेजी अंगावर राहिली. शिस्त पाळली त्यांनाच शिक्षा! बायनान्स या सर्वात मोठ्या एक्सचेंजवर तर एक डॉलर किमतीचे म्हणून तारण घेतले जाणारे नाणे ६५ सेंटपर्यंत पडल्याचे दिसले. दुसरीकडे त्याचा भाव डॉलरच्या जवळपास टिकून होता. पुढे त्या कंपनीला कोट्यवधी डॉलरची भरपाई द्यावी लागली.

आणि नियम सगळ्यांना सारखे असतात का? एफटीएक्सचे प्रकरण आठवावे. नोव्हेंबर २०२२ मध्ये हे एक्सचेंज कोसळले. अमेरिकेच्या न्यायालयात जे बाहेर आले ते डोळे उघडणारे आहे. सामान्य ग्राहकाची अनामत कमी पडली की त्याचा सौदा क्षणात कापला जायचा. पण मालकाच्याच अलामेडा नावाच्या कंपनीला या कापणीतून सूट होती. संगणकाच्या प्रणालीतच तशी सोय करून ठेवली होती. तिचे खाते शून्याच्या खाली गेले तरी चालत होते, आणि तो खड्डा ग्राहकांच्या ठेवींनी भरला जात होता. मालक सॅम बँकमन-फ्राइड याला मार्च २०२४ मध्ये २५ वर्षांची शिक्षा झाली. सर्वांसाठी एक नियम आणि वरच्यांसाठी दुसरा, ही व्यवस्था आपल्याला नवी नाही. इथे ती फक्त संगणकाच्या भाषेत लिहिली होती.

कोणी म्हणेल, हे परदेशातले झाले. आपल्या देशातले आकडे पाहू. सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये शेअर बाजारातल्या वायदे आणि ऑप्शनचा अभ्यास जाहीर केला. २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत एक कोटीहून अधिक सामान्य व्यापाऱ्यांपैकी ९३ टक्के तोट्यात गेले. एकत्रित तोटा १ लाख ८० हजार कोटींहून अधिक. सरासरी माणशी दोन लाख रुपये. तिशीच्या आतल्या व्यापाऱ्यांचे प्रमाण एका वर्षात ३१ टक्क्यांवरून ४३ टक्क्यांवर गेले. तीन चतुर्थांशांहून अधिक लोकांचे उत्पन्न वर्षाला पाच लाखांच्या आत होते. तोटा होऊनही बहुतेक जण खेळतच राहिले. आणि पैसा गेला कुठे? बड्या दलाल कंपन्या आणि परदेशी गुंतवणूकदार संस्था यांच्याकडे. त्यांच्या नफ्यातला ९५ टक्क्यांहून अधिक वाटा यंत्राने चालवलेल्या सौद्यांतून आला होता. म्हणजे एका बाजूला मोबाईलवर बोट ठेवून बसलेला आपला पोरगा, आणि दुसऱ्या बाजूला सेकंदाच्या हजाराव्या भागात निर्णय घेणारा संगणक. ही लढत बरोबरीची म्हणायची?

हे झाले सेबीच्या नजरेखालच्या बाजाराचे. क्रिप्टोच्या वायद्यांवर तर सेबीसारखी नजरच नाही. मार्च २०२३ पासून या एक्सचेंजना मनी लॉण्डरिंगविरोधी कायद्याखाली नोंदणी करावी लागते. पण ती नोंदणी काळा पैसा पकडण्यासाठी आहे. ग्राहकाला वाचवण्यासाठी नाही. २०२२ पासून सरकार क्रिप्टोच्या नफ्यावर ३० टक्के कर घेते, आणि एका नाण्यातला तोटा दुसऱ्याच्या नफ्यातून वजा करू देत नाही. प्रत्यक्ष नाणे विकले की एक टक्का टीडीएस कापला जातो. मग एक्सचेंजवाले जाहिरात करतात की, वायद्यात या, इथे टीडीएस लागत नाही! म्हणजे कमी धोक्याच्या दारावर जकात बसवली आणि जास्त धोक्याचे दार मोकळे राहिले. जुलै २०२४ मध्ये वझीरएक्स या एक्सचेंजमधून सुमारे दोन हजार कोटी रुपयांची नाणी चोरीला गेली. ग्राहक वर्षाहून अधिक काळ आपल्याच पैशांसाठी ताटकळत राहिले.

सरकारचा दुटप्पीपणा पाहा. शेअर बाजारात सामान्य माणूस बुडतो म्हणून सेबीने नोव्हेंबर २०२४ पासून निर्देशांकाच्या वायद्याचा किमान आकार १५ लाखांवर नेला. पैशाच्या ऑनलाइन खेळांनी घरे उद्ध्वस्त होतात म्हणून ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने त्यांवर बंदीचा कायदा केला. आणि काही हजार रुपयांत शंभरपट क्रिप्टो सौदा? त्यावर मर्यादा नाही! रमीवर बंदी आणि शंभरपट सट्ट्याला "गुंतवणूक" म्हणण्याची मुभा, हे कोणते तर्कशास्त्र? जपानने या सौद्यांवर दुपटीची मर्यादा घातली. युरोपच्या नियामकाने २०१८ साली भावफरकाच्या क्रिप्टो सौद्यांवर तेच केले. ब्रिटनने जानेवारी २०२१ पासून सामान्य ग्राहकांना क्रिप्टोचे वायदे विकण्यावरच बंदी घातली. भांडवलशाहीची माहेरघरे जे करू शकतात, ते कल्याणकारी राज्य म्हणवणाऱ्या भारताला का जमू नये?

या ठिकाणी बाबासाहेबांची आठवण अपरिहार्य आहे. बाबासाहेब मुळात अर्थशास्त्रज्ञ. बडोद्याहून परतल्यानंतर त्यांनी मुंबईत शेअर्सच्या व्यापाऱ्यांना सल्ला देण्याचा व्यवसाय सुरू केला होता. सल्ला देणारा अस्पृश्य आहे हे कळल्यावर गिऱ्हाइके फिरकेनाशी झाली आणि तो व्यवसाय बंद पडला. म्हणजे बाजारापासून आपण दूर राहावे, असा बाबासाहेबांचा विचार नव्हता. बाजारातही जात आडवी आली, हा इतिहास आहे. पुढे १९२३ साली प्रसिद्ध झालेल्या "द प्रॉब्लेम ऑफ द रुपी" या ग्रंथात त्यांनी चलनाची मीमांसा केली. पैशाची क्रयशक्ती स्थिर राहिली पाहिजे आणि चलन काढणाऱ्याच्या मनमानीला मर्यादा पाहिजे, हा त्यांचा आग्रह होता. आज काही मंडळी बिटकॉइनची संख्या मर्यादित आहे एवढ्यावरून तो गरिबांचे चलन आहे असे सांगतात. मर्यादा आहे, हे खरे. पण स्थैर्य कुठे आहे? एका रात्रीत ज्याचा भाव दहा-पंधरा टक्के पडतो, त्यात मजुराने आपली मजुरी साठवावी काय? आणि त्यावर शंभरपट सौदा हा तर चलनाचा प्रश्नच नाही. तो निव्वळ सट्टा आहे.

तथागतांनी सिगालाला जो गृहस्थधर्म सांगितला, त्यात संपत्ती नासण्याची सहा कारणे आहेत. जुगार त्यांपैकी एक. त्याच उपदेशात मिळकतीचे चार भाग करायला सांगितले आहेत. एक भाग उपभोगाला, दोन भाग कामधंद्यात, आणि चौथा भाग संकटकाळासाठी राखून ठेवायचा. जोखीम सांभाळण्याचा याहून सोपा आणि पक्का नियम कोणत्या गुरूने सांगितला आहे? आपल्या घरांचे दुखणे हेच की, सट्ट्यात जाणारा पैसा बहुधा या चौथ्या भागातला असतो. श्रीमंताचा पोरगा हरला तर त्याच्या मागे जमीन आहे, दुकान आहे, मामाचा कारखाना आहे. आपला पोरगा हरला तर त्याच्या मागे बचत गटाचा हप्ता उभा असतो. तोटा दोघांचा सारखा दिसतो, पण तो सारखा नसतो. म्हणून त्यांची जोखीम आपण घेऊ शकत नाही. यात कमीपणा काही नाही. हा हिशोब आहे.

तेव्हा आपल्या तरुणांना दोन गोष्टी सांगितल्या पाहिजेत. पहिली घरातली. कर्ज काढून, फीच्या पैशांतून, आईच्या दागिन्यांतून एक रुपयाही या बाजारात जाता कामा नये. ज्याला शिकायचेच आहे त्याने लिव्हरेजशिवाय, बुडाले तरी घरावर सावट येणार नाही इतक्याच रकमेने शिकावे. प्रत्येक सौद्याआधी वहीत लिहावे : किती लावले, कुठे बाहेर पडणार, दलाली किती. सौद्याची अनामत वेगळी ठेवावी, म्हणजे एक सौदा बुडाल्यावर सगळे खाते ओढले जाणार नाही. तोटा भरून काढण्यासाठी त्याच दिवशी दुसरा सौदा करू नये. टेलिग्रामवर "हमखास नफा" विकणाऱ्याला एकच प्रश्न विचारावा : इतका नफा आहे तर तू फी कशाला घेतोस? आणि ज्याचे पैसे बुडाले आहेत त्याने ते लपवू नये. घरच्यांनीही त्याला टाकून बोलू नये. लाजेपोटी लपवलेला तोटाच पुढे सावकाराच्या दारात आणि त्याहून वाईट ठिकाणी नेतो.

दुसरी गोष्ट रस्त्यावरची आहे. जपानप्रमाणे लिव्हरेजला दुपटीची मर्यादा, ग्राहकांच्या ठेवी वेगळ्या ठेवण्याची सक्ती, तोट्याचे प्रमाण जाहिरातीत ठळक छापण्याचे बंधन आणि तक्रार ऐकणारा नियामक, या मागण्या घेऊन आपल्या लोकप्रतिनिधींना प्रश्न विचारले पाहिजेत. विद्यार्थी संघटनांनी, कर्मचारी संघटनांनी हा विषय आपल्या शिबिरांत घ्यावा. एका फळ्यावर हे गणित अर्ध्या तासात मांडता येते.

शिस्त हवीच. पण शिस्त फक्त बुडणाऱ्याने पाळायची आणि बुडवणाऱ्याने दलाली मोजायची, ही शिस्त आपल्याला मान्य नाही. मुलाने वहीत हिशोब लिहावा, तसाच एक्सचेंजनेही तो लोकांसमोर मांडावा आणि सरकारने तो तपासावा. हे होत नाही तोवर, शंभरपट सौद्याच्या दाराशी जाऊन परत फिरणारा तरुण हाच खरा शिस्तीचा माणूस समजावा.